दोन अंश वजा

नवऱ्याला ताप चढला म्हणून आनंदाने रडणारी बाई हॉस्पिटलच्या लिफ्टमनने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली असेल. भला माणूस, त्याने स्टुलाखालची पाण्याची बाटली पुढे केली. पण वहिनींचं रडू पाण्याच्या घोटाने थांबण्यातलं नव्हतं. ते का, हे सांगायचं तर मिस्त्रींच्या काट्यापासूनच सुरुवात करायला हवी.

मिस्त्री म्हणजे वहिनींचे यजमान. दुकानांतले फ्रीज, फुलवालीची कोल्ड रूम, आइस्क्रीमच्या पेट्या, जे म्हणून थंड राहायला हवं ते थंड ठेवणं हा त्यांचा धंदा. हात असा की बिघडलेल्या मशीनला नुसता कान लावला तरी रोग सांगत. वहिनी दुकानातला फोन सांभाळत. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या, त्यातला राग गाळून टाकायचा आणि उरलेलं नवऱ्याला सांगायचं, हे काम त्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात पत्करलं ते आजपर्यंत. गिऱ्हाईक आणि मिस्त्री यांत वाद झाला की वहिनी डोळे झाकून मिस्त्रींच्या बाजूने. घरात त्या नवऱ्याला काय काय ऐकवत ते सोडा, पण फोनवर मिस्त्रींचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

आणि मिस्त्रींचं ब्रह्मवाक्य होतं, "हाताला आकडे नसतात." कुणी फ्रीजमध्ये हात घालून "चांगलं गार आहे की" म्हणालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मग शर्टाच्या खिशातून लांब दांडीचा, गोल तबकडीचा थर्मामीटर निघायचा. त्याला ते 'काटा' म्हणत. बायकोच्या वाढदिवसाची तारीख विसरतील, पण काटा घरी विसरून बाहेर पडले असं कधी झालं नाही.

अशा माणसाला कॅन्सर झाला. मानेत, काखेत, पोटात गाठी. पहिल्या औषधांनी गाठी विरघळल्या तेव्हा वहिनींनी अख्ख्या नात्यागोत्यात फोन करून आनंद कळवला. वर्ष सरलं नाही तोच गाठी परत. दुसऱ्या वेळीही तेच: आधी आनंदाचे फोन, मग तेच नंबर पुन्हा लावून उलटं सांगणं. दुसऱ्या खेपेला मोठ्या नणंदेला सांगताना वहिनींच्या तोंडून शब्दच फुटेना. त्या दिवशी मिस्त्रींनी रिसीव्हर त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "यापुढे चांगली बातमी तपासल्याशिवाय घरात घ्यायची नाही."

आता तिसरा उपाय एकच, आणि त्याच्या पुढे काही नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग कागदावर गोल काढून समजावलं. रक्तात पहारेकरी पेशी असतात. चोर बाहेरचा असला की त्या धरतात. पण हा चोर घरातलाच, घरचेच कपडे घातलेला, त्यामुळे पहारेकरी त्याला रामराम करून जाऊ देतात. तर या पेशी रक्तातून काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यावर या चोराला ओळखणारी नवी खूण बसवायची, कोटींच्या संख्येने वाढवायच्या, गोठवून परत आणायच्या आणि ज्याच्या त्याच्या अंगात सोडायच्या.

मिस्त्री लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे कॉम्प्रेसर आपलाच, सेन्सर नवा."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई हसल्या. "मला हे आधी सुचलं असतं तर एवढे गोल काढावे लागले नसते."

पेशी परत आल्या त्या दुधाच्या कॅनएवढ्या भांड्यातून. झाकण उघडताच पांढरा धूर जमिनीवर सांडला. मिस्त्री खाटेवर ताठ बसले. "किती आहे आत?" त्यांनी विचारलं. भांडं आणणारा म्हणाला, "उणे दीडशेच्याही खाली." मिस्त्रींनी उभ्या जन्मात इतकं थंड काही पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या भांड्याकडे अशा अदबीने पाहिलं की वहिनींना मेली सवतच आल्यासारखं वाटलं. आतली पेशींची पिशवी मात्र हाताच्या पंजाएवढी. कोमट पाण्यात वितळवून लावली आणि बघता बघता संपलीसुद्धा.

"एवढंच?" मिस्त्री म्हणाले. आयुष्यभर गिऱ्हाइकांनी त्यांना विचारलेला प्रश्न त्या दिवशी त्यांच्या तोंडी आला.

"आता वाट बघायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या पेशी जाग्या होऊन कामाला लागल्या की बहुतेकांना ताप येतो. आम्हाला तो हवाच असतो, पण त्याला मोकाट सोडून चालत नाही. एकदम चढतो, रक्तदाब पडतो, माणूस बरळायला लागतो. वेळेवर कळलं तर आमच्याकडे औषध आहे. आणि ताप आलाच नाही तर उपचार फसला, असंही समजू नका."

हे शेवटचं वाक्य दोघांनी ऐकलं, मान डोलावली आणि तिथल्या तिथे सोडून दिलं. दोघांच्याही मनात एकच गोष्ट बसली: ताप.

हॉस्पिटलमधले दिवस तापाची वाट बघण्यात गेले. ताप काही येईना. शेजारच्या खाटेवरच्या शिक्षकाला आला. त्याची बायको धावतपळत सांगायला आली, "वहिनी, एकशे दोन!" वहिनींनी तोंडभर अभिनंदन केलं, पण खरं सांगायचं तर पोटात दुखलं. घरी ताप म्हटलं की ज्या बाईचा जीव खालीवर व्हायचा, तीच आता दुसऱ्याच्या तापावर डोळा ठेवून बसली होती.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना हॉस्पिटलमागच्या रस्त्यावर खोली घेऊन राहायची परवानगी दिली. तपासणीला सोमवारी यायचं. तोवर सकाळ-दुपार-संध्याकाळ ताप मोजून फोनवरच्या सिस्टरला सांगायचा. शंभराच्या पुढे गेला तर क्षणभरही थांबायचं नाही. सोबत हॉस्पिटलचा छोटा थर्मामीटर दिला.

खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन खाटा, एक खिडकी, भिंतीला टेकलेलं टेबल आणि कोपऱ्यात घशात खरखर अडकल्यासारखा वाजणारा बुटका फ्रीज. मिस्त्रींनी चपला काढायच्या आधी फ्रीजला कान लावला. मग त्यांनी मगमध्ये कोमट पाणी मागितलं.

"कशाला?" वहिनींनी विचारलं.

"हा नवा पोरगा काय लायकीचा आहे ते बघतो." हॉस्पिटलचा थर्मामीटर आणि खिशातला काटा, दोन्ही त्यांनी एकाच मगात बुडवले. बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले. मग मान हलवली. "वाटलंच मला. हा दोन अंश जास्त दाखवतोय."

"अहो, हॉस्पिटलचा आहे तो."

"म्हणून काय झालं? तिथले सगळे याच कंपनीचे. एकाच साच्यातून निघालेले सगळे एकसारखेच चुकणार. काटा माझ्या खिशात सतरा वर्षं आहे. सिस्टरला सांगताना दोन वजा करून सांगायचं."

"वजा कशाला? आहे ते सांगू, त्यांचं त्या बघतील."

मिस्त्री खाटेवर बसले. अंगावरचा शर्ट खांद्यावरून लोंबत होता. "अगं, दोनदा फसलो आपण," ते हळू आवाजात म्हणाले. "खोटा आकडा बघून तू पुन्हा सगळीकडे फोन करशील, आणि मग परत… मला ते नाही बघवत. येईल तेव्हा खरा येऊ दे."

वहिनींनी मान डोलावली. इतकी वर्षं डोलावली तशीच.

शनिवारी आकडा अठ्ठ्याण्णवच्या वर होता. वजा करून सांगितला तेव्हा सिस्टर म्हणाली, "जरा कमीच वाटतोय. जिभेखाली नीट ठेवता ना?" मिस्त्री पलीकडून म्हणाले, "नीट ठेवतो म्हणावं." रविवारी सकाळी थर्मामीटरने शंभराच्या पुढचा आकडा दाखवला. वहिनी लगेच फोनकडे धावल्या. पण मिस्त्रींनी वजाबाकी केली आणि म्हणाले, "बघ, अगदी नॉर्मल. त्याने उगाच नाचवलं असतं तुला." वहिनींनी फोनवर तो नॉर्मल आकडा सांगितला, सिस्टरने "छान" म्हटलं, आणि दोघीही आपापल्या कामाला लागल्या.

दुपारी मिस्त्रींनी पंखा बंद करायला सांगितलं. मग खिडकी लावायला. मग पांघरूण मागितलं. गाल लालसर दिसत होते. वहिनी कपाळाला हात लावायला गेल्या तर त्यांनी मान बाजूला केली. "हाताला आकडे नसतात," ते म्हणाले, पण नेहमीच्या तोऱ्यात नाही, ओढून ताणून.

तेवढ्यात फोन वाजला. दुकानाचे फोन आता वहिनींच्या मोबाइलवर येत. आइस्क्रीमवाला होता. हा गेल्या वर्षभरातला त्याचा कितवा फोन ते वहिनींनी मोजणं सोडून दिलं होतं.

"वहिनी, मिस्त्री आजारी आहेत, कळतं मला. पण आइस्क्रीम मऊच पडतंय हो. मी माझा स्वतःचा थर्मामीटर घालून बघितला. तो जास्त दाखवतो. मिस्त्रींचा काटा म्हणतो सगळं ठीक. मिस्त्री म्हणतात, तुझाच खराब आहे, फेकून दे. म्हणून मी नवा आणला. तोही जास्तच दाखवतो."

वहिनींच्या तोंडात नेहमीचं उत्तर तयार होतं: मिस्त्रींनी बघितलंय ना, मग बरोबरच असणार. ते ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं.

कारण हीच तक्रार फुलवालीची होती. कोल्ड रूममधल्या कळ्या वेळेआधी उमलतात, आणि तिच्या भिंतीवरचा थर्मामीटर जास्त दाखवतो. मिस्त्री तिला म्हणाले होते, भिंतीवरचे शोभेला असतात. मासळीवाल्याचीही तीच, त्यालाही तेच उत्तर. वर्षभर वहिनींनी या तक्रारींतला राग तेवढा गाळला होता आणि तक्रारी कोरड्या करून दिल्या होत्या. त्या एकमेकींना जोडून कधी पाहिल्याच नव्हत्या. सगळ्या गावाचे थर्मामीटर खराब आणि एकट्याचाच बरोबर, असं असतं होय?

आणि मग त्यांना ते आठवलं. एक दिवस त्या मिस्त्रींना डबा द्यायला गेल्या होत्या तेव्हाचं. फुलवालीच्या कोल्ड रूममध्ये मिस्त्री शिडीवर, खिशातून काटा निसटला आणि खाली फरशीवर टण्ण वाजला. मिस्त्री उतरले, शर्टाला पुसून काटा खिशात ठेवला आणि म्हणाले, "काही नाही झालं त्याला." ती गोष्ट गेल्या वर्षीची. तक्रारी त्यानंतरच्या.

"वहिनी? आहात ना?" आइस्क्रीमवाला विचारत होता.

"दादा, तुमचं बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "तुमचा थर्मामीटर चांगला आहे. आमचाच काटा बिघडलाय." मिस्त्रींच्या विरोधात गिऱ्हाइकाला दिलेलं हे त्यांचं पहिलं उत्तर. पलीकडचा माणूस इतका चकित झाला की पुढे भांडायचंच विसरला.

फोन ठेवून त्या वळल्या. मिस्त्रींनी सगळं ऐकलं होतं. "काय म्हणालीस तू त्याला?"

"तोंड उघडा." वहिनींनी हॉस्पिटलचा थर्मामीटर त्यांच्या जिभेखाली सरकवला. बोलायची सोयच राहिली नाही, हे त्यातल्या त्यात बरं झालं. मग त्या भडाभडा बोलल्या: शिडी, फरशी, फुलवाली, मासळीवाला, वर्षभराच्या तक्रारी. "वर्षभर तुम्ही लोकांच्या थर्मामीटरांना नावं ठेवलीत, आणि मी तुमच्या हो ला हो म्हणत राहिले. आता पुरे झालं. हा थर्मामीटर जे सांगेल तेच मी सांगणार. एक अंशही कमी नाही."

थर्मामीटर वाजला. एकशे दोनच्या वर. वहिनींनी कपाळावर पंजा टेकवला. या वेळी मिस्त्रींनी मान हलवली नाही. कपाळ तापल्या तव्यासारखं होतं. आकडे नसतील हाताला, पण एवढं कळायला आकडे कशाला लागतात?

"खरा आहे?" मिस्त्रींनी विचारलं. चेहरा असा झाला होता की त्यांना रागवावं की जवळ घ्यावं ते वहिनींना कळेना.

"खरा आहे. आणि सकाळपासून आहे. आपणच त्याला दाराबाहेर उभं केलंय."

आनंद व्हायला उसंत नव्हती. मोकाट सोडलेला ताप म्हणजे काय, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आता शब्दन् शब्द आठवलं. वहिनींनी सिस्टरला फोन लावला आणि लाज गुंडाळून सांगून टाकलं: "आम्ही दोन दिवस दोन-दोन अंश कमी करून सांगत होतो. आत्ता एकशे दोन आहे, आणि त्यांना थंडी वाजतेय."

सिस्टर म्हणाली, "कारण नंतर सांगा. आहात तसे निघा."

तिसऱ्या मजल्यावरून उतरताना मिस्त्रींचा सगळा भार वहिनींच्या खांद्यावर होता. रस्ता एवढासाच, पण त्या दिवशी संपता संपेना. हात करून थांबवलेल्या गाडीवाल्याने सरळ दारात नेऊन सोडलं. आत नेल्यावर रक्तदाब घेतला, तो पडत चालला होता. डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं, ते मिस्त्रींनी सांगितलं. शंभरावरून उलटे दहा-दहा मोजायला सांगितलं तर मिस्त्री सत्तरपाशी अडकले आणि म्हणाले, "यातून दोन वजा करायचेत का?" ते बरळत होते की थट्टा करत होते ते कुणालाच कळेना.

औषध चढवलं. वहिनींना बाहेर बाकावर बसवलं. तिथे बसल्या बसल्या त्यांनी स्वतःला जितकं बोलून घेतलं तितकं मिस्त्रींनाही कधी बोलल्या नव्हत्या. नवऱ्याच्या बाजूने उभं राहणं म्हणजे त्याच्या चुकीला मान डोलावणं नव्हे, एवढी साधी गोष्ट कळायला हा दिवस उजाडावा लागला. ती अमलात आणायला तरी माणूस वाचू दे, एवढंच मागणं त्या पुन्हा पुन्हा मागत होत्या.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आधी चांगलं फैलावर घेतलं. "अजून थोडा उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं. थर्मामीटर आम्ही शोभेला देतो का?" वहिनी खाली मान घालून ऐकत राहिल्या. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. "रक्तदाब सावरलाय. शुद्धीवर आहेत. आता नीट उलटे मोजतात, आणि मोजून झालं की आमच्या थर्मामीटरची चौकशी करतात. आणि वहिनी, हा ताप त्या पेशींचाच दिसतोय. जाग्या झाल्यात. कामाला लागल्यात."

वहिनी "बरं" म्हणाल्या, अगदी शहाण्यासारख्या. वर जायला लिफ्टमध्ये शिरल्या, दार लागलं आणि बांध फुटला. लिफ्टमनने पाण्याची बाटली पुढे केली ती तेव्हा. "काय झालं ताई?" त्याने विचारलं. "ताप आला हो," वहिनी हुंदके देत म्हणाल्या, "खरा ताप आला!" मजला आल्यावर त्या बिचाऱ्याने दार धरून ठेवलं.

खाटेवर मिस्त्री दमलेले, पण डोळे स्वच्छ. वहिनी जवळ गेल्या. त्यांनी स्वतःच वहिनींचा हात ओढून कपाळावर ठेवला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ."

"वजा करून?"

"मार खाल आता," वहिनी म्हणाल्या, आणि दोघंही हसली. दोघं मिळून हसल्याला किती दिवस झाले होते, ते देवच जाणे.

ताप पुढे उतरला. अशक्तपणा मात्र हटवादी निघाला. नव्या तपासणीचा दिवस उजाडला तेव्हा दोघं डॉक्टरीणबाईंसमोर हातात हात धरून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "गाठी इथे होत्या, इथे होत्या आणि इथे. आज कुठेच दिसत नाहीत. तपासण्या पुढेही चालू राहतील. पण आज नाहीत."

मिस्त्री पुढे झुकले. "मशीन तपासलेलं आहे ना?"

"रोज तपासतात."

"कोण तपासतं?"

"अहो!" वहिनी म्हणाल्या.

मिस्त्री पडद्याकडे पाहत राहिले. मग भरल्या संसाराचा तो माणूस डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर डोकं टेकून हमसून रडला. वहिनींनी पाठीवर हात ठेवला आणि त्यांना रडू दिलं. चांगली बातमी घरात आली होती, आणि या वेळी तिला कुणी दारात अडवलं नव्हतं. फोन मात्र वहिनींनी एकच केला, मोठ्या नणंदेला. बाकीच्यांना ती सांगेलच.

अंगात जोर आल्यावर मिस्त्रींनी नवा काटा विकत घेतला आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या मशिनी फुकट नीट करून दिल्या. प्रत्येकाची माफी मागितली, फुलवालीची तर दोनदा. दुसऱ्याच दिवशी आइस्क्रीमवाल्याचा फोन आला: "वहिनी, आता आइस्क्रीम इतकं कडक झालंय की चमचा वाकतोय!" वहिनींनी ती तक्रार अशी प्रेमाने ऐकली की तोच गोंधळला.

जुना काटा वहिनींनी फेकू दिला नाही. दुकानात फोनशेजारी खिळ्याला टांगून ठेवलाय. गिऱ्हाईक आणि मिस्त्री यांच्यात वाद झाला की त्या आधी त्याच्याकडे बघतात आणि मग उत्तर देतात. कधी मिस्त्रींच्या बाजूचं, कधी नाही.

आणि रोज सकाळी कामाला निघताना मिस्त्री दारात थांबतात, पिशवी खाली ठेवतात आणि वहिनींसमोर डोकं वाकवतात. वहिनी ओला हात पदराला पुसून त्यांच्या कपाळावर ठेवतात.

"किती?"

"गार आहे."

"वजा करून?"

"नाही," वहिनी म्हणतात. "आहे तेच सांगतेय."